प्रतवारी शेडमधील वाहक पट्टा सरळ कसा चालवावा?

कांदा, डाळिंब, टोमॅटो यांची प्रतवारी जमिनीवर ढीग घालून करण्याऐवजी वाहक पट्ट्यावर करण्याची पद्धत अनेक शेतकरी गटांनी व शेतकरी उत्पादक कंपन्यांनी स्वीकारली आहे. एका टोकाला क्रेट ओतायचे, पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना उभ्या असलेल्या स्त्री-पुरुषांनी सडका, मोड आलेला, जोड कांदा वेचून काढायचा आणि चांगला माल पुढे जाळीवर किंवा गोणीत जायचा, अशी ही साधी रचना असते. यंत्र साधे असल्यामुळेच त्याच्याकडे फारसे लक्ष दिले जात नाही. पट्टा एका कडेला पळू लागला की पाना आणायचा व बोल्ट आवळायचा, एवढीच देखभाल बहुतेक शेडमध्ये होते.

प्रस्तुत लेखक कृषिविद्येचा अध्यापक आहे. यंत्रे हा आमच्या कृषी अभियांत्रिकी विभागातील सहकाऱ्यांचा विषय होय. तरीही या विषयावर लिहिण्यास एक कारण घडले. काही वर्षांपूर्वी रब्बी कांद्याच्या हंगामात एका शेतकरी गटाच्या शेडला भेट देण्याचा योग आला. तेथील पट्टा सारखा भिंतीच्या बाजूला सरकत होता व त्याची कड लोखंडी अँगलवर घासून तिचे दोरे निघाले होते. विचारणा झाली तेव्हा मी, "भिंतीकडचा बोल्ट ताणून घ्या," असे सांगून मोकळा झालो. सल्ला तात्पुरता लागू पडला. आठ दिवसांत पट्टा पुन्हा भिंतीकडे गेला, पुन्हा बोल्ट आवळला गेला. असे करता करता बोल्टचे आटे संपले. मग एका तरुणाने लाकडी दांडके लावून चालता पट्टा ढकलून धरण्याचा उपाय सुरू केला. एके दिवशी ते दांडके पुलीत ओढले गेले व त्याच्या उजव्या हाताची दोन बोटे चेंगरली. नंतर आमच्या अभियांत्रिकी विभागातील सहकाऱ्याला घेऊन गेलो तेव्हा खरा दोष अवघ्या पाऊण तासात सापडला. सांगाड्याचा भिंतीकडचा एक पाय कोब्यात खचला होता. पुली, रोलर, पट्टा यांपैकी कशातही दोष नव्हता.

पट्टा का सरकतो हे समजून घेतल्याशिवाय बोल्टला हात लावू नये, हे त्या दिवशी कळले ते असे.

पट्टा कोणत्या बाजूला जातो?

प्रथम यंत्राचे भाग पाहू. मोटर ज्या पुलीला फिरवते ती चालक पुली. दुसऱ्या टोकाला असते ती ताण पुली. तिच्या दोन्ही बाजूंच्या बेअरिंगना ताण देण्याचे बोल्ट असतात. वरचा पट्टा गुळगुळीत पत्र्यावरून किंवा रोलरवरून माल घेऊन जातो, खालचा पट्टा परतीच्या रोलरवरून माघारी येतो.

पट्ट्याचा नियम बैलगाडीवरून चांगला समजतो. उजवा बैल दोन पावले पुढे सरला की गाडीचे तोंड डावीकडे वळते. रोलरचेही तसेच आहे. पट्टा ज्या दिशेने चालला आहे त्या दिशेने रोलरची जी बाजू पुढे सरलेली असेल, तिच्यापासून पट्टा दूर जातो. जी बाजू मागे राहिली असेल तिच्याकडे तो सरकतो. याचे कारण असे, की रोलर आपल्या आसाशी काटकोनातच पट्ट्याला नेतो. आस तिरपा झाला की ओढही तिरपी होते. दुसऱ्या शब्दांत, पट्टा रोलरच्या ज्या टोकाला आधी टेकतो त्या टोकाकडे सरकतो.

हाच नियम ताण पुलीला लावून पाहावा. खालचा पट्टा ताण पुलीकडे येत असतो. भिंतीकडचा बोल्ट आवळला म्हणजे पुलीचे भिंतीकडचे टोक बाहेरच्या बाजूला, म्हणजे येणाऱ्या पट्ट्याच्या दिशेने, पुढे सरकते. म्हणून पट्टा भिंतीपासून दूर जातो. "ज्या बाजूला पट्टा पळतो ती बाजू आवळावी" हा मिस्त्री लोकांचा नियम यातूनच आला आहे आणि तो खोटा नाही. खोटा आहे तो त्याचा वापर. पट्टा कोणत्याही कारणाने सरकला तरी हाच उपाय केला जातो व मूळ दोष तसाच राहतो.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. डावे-उजवे हे शब्द शेडमध्ये वापरूच नयेत. समोरासमोर उभ्या असलेल्या दोन माणसांचे डावे-उजवे उलट असते व त्यातून चुकीचा बोल्ट फिरवला जातो. "भिंतीची बाजू" व "दाराची बाजू" असे म्हणावे आणि सांगाड्यावर रंगाने तसे लिहून ठेवावे.

मध्ये फुगीर पुली

जुन्या पिठाच्या गिरणीचा सपाट पट्टा ज्यांनी पाहिला आहे त्यांच्या लक्षात असेल, की त्याची पुली अगदी सपाट नसे, मध्यावर किंचित फुगीर असे. लहानपणी मला याचे नवल वाटे. उंचवट्यावरून पट्टा घसरून पडायला हवा, तो उलट मध्यावर चढून कसा बसतो? उतारावर बसलेल्या पट्ट्याची उंच भागाकडची कड जास्त ओढली जाते. त्यामुळे मागून येणारा पट्टा त्या बाजूला किंचित वाकतो आणि त्याचा पुढचा भाग पुलीवर थोडा अधिक उंच जागी येऊन बसतो. असे थोडे थोडे चढत तो मध्यावर येतो. तेथे दोन्ही बाजूंना सारखाच उतार असल्यामुळे तो स्थिर राहतो.

वाहक पट्ट्याच्या पुलीलाही पुष्कळदा असा फुगवटा ठेवलेला असतो. तो दोन-तीन मिलिमीटरांचाच असल्याने नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. पुलीवर सरळ पोलादी पट्टी आडवी ठेवली म्हणजे कळतो. झिजून हा फुगवटा गेला असेल तर पट्ट्याला स्वतःहून मध्यावर राहण्याची ओढ उरत नाही. नवी पुली करून घेताना लेथवाल्याला जुनी झिजलेली पुली नमुना म्हणून देऊ नये. ती झीजही नव्या पुलीत उतरते.

पुलीच्या या गुणधर्माची दुसरी बाजू त्रासदायक आहे. पट्टा जाड भागाकडे चढतो, मग तो जाड भाग लोखंडाचा असो की चिकटलेल्या मातीचा. कांद्याबरोबर येणारी काळी माती, दमट हवेत लगदा झालेली साले, फुटलेल्या टोमॅटोचा रस हे सर्व पट्ट्याच्या आतल्या बाजूने पुलीवर जाऊन थर धरते. एका टोकाला असा थर बसला की तेवढी बाजू जाड होते व पट्टा तिकडे जाऊ लागतो. बोल्ट आवळून पट्टा मध्यावर आणला आणि दुसऱ्या दिवशी तो थर सुटून पडला, तर पट्टा उलट बाजूला पळतो. "आपोआप बिघडले" असे शेडमध्ये म्हणतात ते बहुधा हेच असते.

यावर सोपा उपाय आहे. ताण पुलीच्या अलीकडे, परतीच्या पट्ट्याच्या आतल्या अंगावर टेकेल असा रबराच्या पट्टीचा खुरप्यासारखा अडसर बसवावा. तो वरून पाहता इंग्रजी व्ही अक्षरासारखा असावा व त्याचे टोक येणाऱ्या पट्ट्याकडे असावे, म्हणजे आत पडलेला कांदा, खडे व साले दोन्ही बाजूंना बाहेर फेकली जातात. गावातला वेल्डर हा अडसर करून देऊ शकतो. रबर पट्ट्याला हलकेच टेकावे. दाबून बसवल्यास ते पट्टाच घासते.

दोष कोठे आहे हे ओळखणे

येथे थोडा वेळ खर्च करावा. पट्ट्याच्या कडेवर एका जागी खडूने ठळक खूण करावी व पट्टा रिकामा चालवून पाहावा. पट्ट्याचा एकच विशिष्ट भाग, सांगाड्यावर कोठेही असला तरी, कडेला जात असेल तर दोष पट्ट्यात आहे. बहुधा जोड तिरपा कापलेला असतो किंवा तेवढ्या भागाची एक कड ताणली गेलेली असते. याउलट सबंध पट्टा सांगाड्याच्या एकाच ठिकाणी आला की सरकत असेल, तर दोष त्या ठिकाणच्या किंवा त्याच्या थोड्या अलीकडच्या रोलरमध्ये वा सांगाड्यात आहे. रिकामा पट्टा सरळ चालतो पण माल पडू लागला की सरकतो, असे असेल तर माल मध्यावर पडत नाही. क्रेट नेहमी एकाच बाजूने ओतले जात असतील तर तेथे दोन्ही बाजूंनी तिरप्या पत्र्याचे गाळे बसवून माल मध्यावर आणावा. मालाच्या दोषासाठी बोल्ट फिरवला तर रिकामा पट्टा बिघडतो.

आमच्या त्या शेडमध्ये ही पाहणी कोणी केलीच नव्हती. मीही केली नव्हती.

सांगाडा तपासणे

मोटरचा मुख्य स्विच बंद करून, फ्यूज काढून व तो स्वतःच्या खिशात ठेवून हे काम करावे.

सांगाड्याच्या दोन्ही बाजूंच्या अँगलवर आडवी फळी टाकून तीवर पाणसळ ठेवावी व दर चार-पाच फुटांवर पाहावे. एक बाजू खाली असेल तर पट्टा खालच्या बाजूला ओघळतो. मुरमावर घातलेला कोबा पाण्याने धुण्याच्या जागी बसतो, पावसाळ्यात शेडमध्ये ओल आली तर पाय खचतो. आमच्याकडे पाय १२ मिलिमीटर खचला होता. खचलेल्या पायाखाली लोखंडी पत्र्याचे तुकडे घालून तो उचलावा व नट आवळावा. लाकडी पाचर घालू नये, ती वाळून सैल होते.

त्यानंतर पुली काटकोनात आहेत का हे पाहावे. फळबाग लावताना प्लॉटची आखणी आपण कर्ण मोजून तपासतो, तीच रीत येथे चालते. चालक पुलीच्या दांड्यावर मध्यापासून दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर खुणा कराव्यात, ताण पुलीच्या दांड्यावरही तेवढ्याच अंतरावर कराव्यात. दोन्ही बाजूंची लांबी सारखी भरली म्हणजे पुली एकमेकींना समांतर आहेत. परंतु एवढ्यावर थांबू नये. समांतर असूनही दोन्ही तिरप्या असू शकतात. म्हणून दोन्ही कर्ण मोजावेत. बाजूही सारख्या व कर्णही सारखे असतील तरच काटकोन साधला. माप बेअरिंगच्या घरापासून न घेता दांड्यापासूनच घ्यावे. दोन फूट रुंदीच्या पुलीत तीन मिलिमीटरांचा फरकही पट्टा कडेला नेण्यास पुरेसा होतो.

परतीचे रोलर सुतळीने तपासावेत. दोन्ही पुलींच्या मध्यावरून सुतळी ताणून बांधावी व प्रत्येक रोलरला गुण्या लावून पाहावा. न फिरणारा, जाम झालेला रोलर प्रथम बदलावा. त्यावर पट्टा घासून रोलर एका बाजूने चपटा होतो व मग त्याला कितीही सरळ बसवले तरी उपयोग होत नाही.

पट्टा बसवण्याची पद्धत व धीर

सर्व काही सरळ करूनही पट्टा थोडा सरकत असेल तर मग रोलर हलवून तो मध्यावर आणावा. सुरुवात परतीच्या, म्हणजे खालच्या पट्ट्यापासून करावी आणि ताण पुलीकडे येत जावे. वरच्या बाजूला रोलर असतील तर त्यानंतर ते पाहावेत. जेथे पट्टा सरकलेला दिसतो तेथील रोलर हलवण्यात अर्थ नसतो. त्याच्या अलीकडचे एक-दोन रोलर हलवावेत, कारण परिणाम पुढे दिसतो. पट्टा ज्या बाजूला जात असेल त्या बाजूचे रोलरचे टोक पट्ट्याच्या चालीच्या दिशेने पुढे सारावे. एका वेळी दीड-दोन मिलिमीटर पुरे. एकाच रोलरला फार तिरपे करण्यापेक्षा दोन-तीन रोलरना थोडे थोडे सारणे चांगले. ताण पुलीचा बोल्ट सर्वांत शेवटी, आणि तोही पाव किंवा अर्धा फेराच फिरवावा. पट्टा पुरेसा ताणलेला असेल तर एक बाजू आवळण्याऐवजी समोरची बाजू तेवढीच सैल करावी. दर वेळी आवळतच गेल्यास ताण वाढत जातो, बेअरिंग तापतात आणि पीव्हीसीच्या पट्ट्याची एक कड कायमची लांबते. अशी लांबलेली कड नंतर कोणत्याही उपायाने आखूड होत नाही.

सर्वांत मोठी चूक घाईची होते. दोन पुलींमध्ये २० फूट अंतर असलेल्या यंत्राचा एकूण पट्टा साधारण ४२ फूट, म्हणजे पावणेतेरा मीटर भरतो. मिनिटाला १० मीटर वेग धरला तर एका फेरीला सव्वा मिनिट लागते. बदलाचा परिणाम दिसण्यास किमान तीन फेऱ्या द्याव्यात, म्हणजे चार मिनिटे. शेडमध्ये माल अडलेला असताना चार मिनिटे हाताची घडी घालून उभे राहणे कोणालाच जमत नाही. अर्ध्या मिनिटात "काही झाले नाही" म्हणून आणखी एक फेरा, मग आणखी एक. पाच मिनिटांनी तिन्हींचा परिणाम एकदम होतो व पट्टा समोरच्या कडेला जाऊन आदळतो. म्हणून हे काम हंगामापूर्वी, माल नसताना करावे. किती फेरा दिला ते खडूने सांगाड्यावर लिहावे, म्हणजे चुकल्यास मागे येता येते.

कडेला उभी खुंटी किंवा बेअरिंग लावून पट्टा अडवण्याची पद्धत काही ठिकाणी पाहिली. ती मला पसंत नाही. पट्टा त्या खुंटीवर कड घासत राहतो आणि दोष झाकला जातो.

तीन फेजचा एक घोटाळा

विहिरीवरील पंप ट्रान्सफॉर्मरच्या दुरुस्तीनंतर उलटा फिरतो, हा अनुभव अनेकांना आहे. लाइनवर काम करताना दोन फेज अदलाबदल झाल्या की असे होते. वाहक पट्ट्याच्या मोटरलाही ते लागू आहे. पट्टा उलटा फिरला की रोलरची जी बाजू पुढे होती ती मागे होते, म्हणजे ज्या तिरपेपणाने पट्टा मध्यावर राहत होता तोच त्याला कडेला ढकलतो. शिवाय वरच्या पट्ट्याला चालक पुली ओढण्याऐवजी ढिला सोडते. पंप उलटा फिरला तर पाणी कमी येते म्हणून लगेच लक्षात येते. रिकामा पट्टा उलटा चाललेला पुष्कळदा लक्षात येत नाही व लोक रोलर हलवू लागतात. चांगला चाललेला पट्टा वीजपुरवठा बंद होऊन पुन्हा सुरू झाल्यावर अचानक बिघडला तर आधी फिरण्याची दिशा पाहावी. सांगाड्यावर बाणाची खूण रंगवून ठेवावी.

जोड कापताना

नवा पट्टा जोडताना गुण्या पट्ट्याच्या कडेला लावून रेघ मारली जाते. कड सरळ असेलच असे नाही, वापरलेल्या पट्ट्याची तर नसतेच. म्हणून टोकापासून तीन-चार फुटांपर्यंत चार ठिकाणी रुंदी मोजून मध्यबिंदू काढावेत, ते जोडून मध्यरेषा आखावी आणि त्या रेषेला गुण्या लावून काटकोनात कापावे. लोखंडी क्लिपचा जोड असो की उष्णतेने चिकटवलेला असो, ही आखणी चुकली की पट्टा दर फेरीला एकदा झोल खातो व तो दोष पान्याने जात नाही.

हंगाम संपल्यावर पट्ट्याचा ताण सैल करावा. सुटा पट्टा गुंडाळून ओल्या जमिनीवर उभा ठेवू नये. पाइपमध्ये ओवून टांगावा. उंदरांनी कुरतडलेली कड पुढच्या हंगामात तेथूनच फाटते.

सुरक्षितता

मळणी यंत्रांवरील अपघात रोखण्यासाठी १९८३ साली धोकादायक यंत्रे (नियमन) कायदा झाला. मळणी यंत्राचा धाक शेतकऱ्यांना असतो, कारण ते आवाज करते व वेगाने फिरते. प्रतवारीचा पट्टा हळू चालतो, म्हणून त्याच्याजवळ कोणी जपून वागत नाही. पुलीच्या जबड्यात हात गेला तर हळू फिरणारी पुलीही तो सोडत नाही. दोन्ही पुलींना जाळीचे आवरण हवे. आवरण असे असावे, की ते न काढता बाहेरून बोल्ट फिरवता येईल. नाहीतर पहिल्याच दिवशी ते काढून कोपऱ्यात ठेवले जाते. बंद करण्याची दोरी किंवा लाल बटण पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना, वेचणाऱ्या बायांच्या हाताशी असावे. मोटरजवळचा एकच स्विच उपयोगाचा नाही, कारण अपघात मोटरजवळ होतोच असे नाही. पदर खोचलेला, ओढणी बांधलेली असावी. चालत्या पट्ट्याखालची साले हाताने किंवा काडीने काढू नयेत. सरकणारा पट्टा हाताने, पायाने वा दांडक्याने ढकलण्याची तर कोणालाच मुभा देऊ नये.

त्या शेडमध्ये खचलेला पाय उचलून पत्रे घातले, कर्ण जुळवले, नवे बोल्ट बसवले व पट्ट्याची खराब कड कापून तो थोडा अरुंद करून वापरला. त्या पायाच्या बाजूला भिंतीवर रंगाची एक आडवी रेघ ओढली आहे व तेवढ्याच उंचीवर पायावरही एक खूण आहे. दर पावसाळ्यानंतर दोन्ही खुणा एका पातळीत आहेत का, हे तो तरुणच पाहतो.